तांबेऱ्याला पुरून उरणारं बी शोधणारा माणूस

पौष-माघात पहाटे धुकं पडू लागलं, पानावर दव धरू लागलं, की गहू पेरलेल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. सकाळी वावरातून एक चक्कर मारून यावं, तर पायाला अन् कपड्याला विटकरी पूड लागलेली. तांबेरा आला! पण कधी कधी असं होतं, की बांधापलीकडच्या वावरात दुसऱ्या वाणाचा गहू हिरवागार उभा असतो. दव तेच, वारा तोच, मातीही तीच. मग एकाला रोग लागतो आणि दुसऱ्याला का लागत नाही?

हा प्रश्न आपल्या आज्या-पणज्यांनाही पडला असेल. शंभर वर्षांपूर्वी एका रशियन तरुणाने तो नुसता विचारला नाही, तर त्याचा पिच्छाच पुरवला. त्यासाठी त्याने डोंगर चढले, वाळवंटे तुडवली, पाच खंडांतून बियाणं गोळा केलं. आणि जगाच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या या माणसाला अखेर तुरुंगात उपासमारीने मरण आलं. त्यांचे नाव निकोलाय इवानोविच वाविलोव्ह. शेतकरी बंधूंनो, आपल्या घरातल्या मूठभर गावरान बियाण्याची किंमत समजून घ्यायची असेल, तर या माणसाची कहाणी माहीत असायला हवी.

शेतकऱ्याच्या घराण्यातला मुलगा

वाविलोव्ह यांचा जन्म 25 नोव्हेंबर 1887 रोजी मॉस्कोत झाला. घराणे मूळचे खेड्यातले, भूदास शेतकऱ्यांचे. म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला जखडलेली कुळे. वडील पोरवयातच मॉस्कोला आले आणि कष्टाने कापडाच्या धंद्यात वर चढले. मुलाने आपला व्यापार सांभाळावा अशी त्यांची इच्छा. त्यासाठी व्यापारी शाळेतही घातले. पण मुलाचा ओढा मातीकडे. 1906 साली तो मॉस्कोच्या शेतकी विद्यालयात दाखल झाला.

रशियात तेव्हा दुष्काळ नवा नव्हता. वाविलोव्ह चार वर्षांचे असताना 1891-92 चा मोठा दुष्काळ पडला होता आणि त्यात लाखो माणसे दगावली. शेतकऱ्याच्या ताटात दोन घास जास्त पडावेत, हे वेड या विद्यार्थ्याच्या डोक्यात तेव्हाच शिरले. त्यांचा पहिला अभ्यास होता पिके खाणाऱ्या गोगलगायींवर. आपल्याकडे सोयाबीनवाल्यांना गोगलगायीचा ताप काय असतो, हे वेगळे सांगायला नको! पण लवकरच त्यांचे लक्ष गेले ते डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूकडे, बुरशीकडे. तांबेरा, भुरी, काणी हे सगळे बुरशीचेच रोग.

चारातले एक रोप निरोगी

1913 साली वाविलोव्ह इंग्लंडला गेले. केंब्रिज येथे रोलंड बिफेन नावाचे प्राध्यापक गव्हावर काम करीत होते. बिफेन यांनी एक साधाच पण मोलाचा प्रयोग केला होता. पिवळ्या तांबेऱ्याला बळी पडणारा गहू आणि तांबेरा न लागणारा गहू, या दोहोंचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीत सगळ्या रोपांना तांबेरा लागला. सगळे मुसळ केरात, असे कोणीही म्हटले असते. पण बिफेन यांनी त्याच रोपांचे बी पुन्हा पेरले. दुसऱ्या पिढीत साधारण चार रोपांमागे एक रोप निरोगी निघाले.

याचा अर्थ काय? रोगाला दाद न देणं हा नशिबाचा भाग नाही, की नुसत्या खता-मातीचाही नाही. बाप-आजाचं नाक-डोळं जसं नातवात उतरतं, तसा तो गुण बियाण्यातून पुढच्या पिढीत उतरतो. बिफेन यांनी हे 1905 साली जगापुढे मांडले होते. गुण बियाण्यात असेल तर तो एका वाणातून काढून दुसऱ्यात घालता येतो, हा त्यातला खरा लाभ. पण त्यासाठी आधी तो गुण असलेलं बी सापडायला हवं. ते शोधायचं कुठं? वाविलोव्ह यांनी हे काम अंगावर घेतले.

त्यांनी गहू, सातू आणि ओट यांचे शेकडो वाण शेजारी शेजारी पेरले आणि कोणत्या वाणावर कोणता रोग येतो, किती येतो, याच्या नोंदी केल्या. नेहमीचा पोळीचा गहू तांबेऱ्याला पटकन बळी पडतो, त्या मानाने बन्सीच्या जातीचे गहू टिकून राहतात, आणि एका टरफलात एकच दाणा धरणारा एक पुरातन गहू तर तांबेऱ्याला जवळजवळ भीकच घालत नाही, असे त्यांना दिसले. एका पर्शियन गव्हावर भुरी चढतच नव्हती. शेजारची रोपं पीठ शिंपडल्यासारखी पांढरी, आणि हे मात्र स्वच्छ!

पुढे पहिले महायुद्ध पेटले आणि ते मायदेशी परतले. लहानपणी डोळ्याला इजा झाल्याने त्यांना लष्करात घेतले गेले नाही. 1916 साली उत्तर पर्शियात, म्हणजे आजच्या इराणात, रशियन शिपाई भाकरी खाल्ल्यावर भोवळ येऊन पडू लागले. तपासाला वाविलोव्ह गेले. गव्हात एक गव्हासारखेच दिसणारे तण मिसळले होते आणि त्या तणाच्या दाण्यात बुरशी घर करून राहिली होती. शिपायांचा प्रश्न सुटला. वाविलोव्ह मात्र तसेच पुढे पामीरच्या पहाडांत शिरले आणि बियाण्यांच्या पिशव्या भरून आणल्या.

वेशीवरचा पहारेकरी

1917 साली ते व्होल्गा नदीकाठच्या सारातोव्ह गावी प्राध्यापक झाले. देशात क्रांती, यादवी आणि टंचाई. तशात 1919 साली त्यांनी वनस्पतींच्या रोगप्रतिकारावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिकाचा बचाव दोन प्रकारचा असतो, अशी त्यांची मांडणी होती. पहिला प्रकार म्हणजे कुंपण. पानाची जाड साल, तिच्यावरचा मेणचट थर, लव. दुसरा प्रकार म्हणजे शत्रू आत आल्यावर पेशीने स्वतः केलेला सामना. वाविलोव्ह यांनी या दुसऱ्या प्रकाराला जास्त महत्त्व दिले. हा सामना नेमका कसा चालतो, हे त्या काळी कोणालाच उलगडलेले नव्हते. ते पुढच्या शंभर वर्षांत उलगडले. ते थोडक्यात असे.

तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावर येतो आणि पानावर बसतो. दव मिळाले की त्याला कोंब फुटतो. हा कोंब पानावरच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो. आपल्या अंगात रक्त फिरते आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंवर धावून जातात. झाडाला अशी फिरती फौज नाही. तिथे प्रत्येक पेशीला आपला पहारा आपणच करावा लागतो. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जागल्या असे आणि परका माणूस त्याला चालीवरून ओळखू येई. तसे पेशीच्या पृष्ठभागावर जागले असतात. बुरशीच्या भिंतीत असलेला एक पदार्थ झाडात कधीच नसतो. त्याचे तुकडे लागताच जागल्या हाकाटी करतो. मग पेशी आपली भिंत जाड करते आणि बुरशीला मारक असे रस तयार करते. बहुतेक रोगजंतू इथेच गारद होतात. म्हणून तर भाताचा करपा आंब्याला लागत नाही आणि तुरीची मर ज्वारीला लागत नाही.

पण चोरही काही कमी नसतो. तांबेऱ्यासारखी बुरशी पेशीच्या आत काही प्रथिने सोडते आणि जागल्याला गुंगवते. हाकाटी थांबली की रोगाचे फावते. ज्या वाणात यापुढचा बंदोबस्त असतो, तोच वाण टिकतो. अशा वाणात पेशीच्या आत पहारेकऱ्यांची दुसरी फळी असते. ती चोराला नाही, तर चोराच्या हत्याराला ओळखते. हत्यार दिसले रे दिसले, की बुरशी शिरलेली पेशी स्वतःला मारून घेते. तांबेरा फक्त जिवंत पेशीवरच जगतो. पेशी मेली की त्याचा दाणापाणी तुटतो. गावात आग लागली की शेजारचे छप्पर ओढून पाडतात आणि आग पुढे जाऊ देत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. शिवाय मरणारी पेशी बाकीच्या झाडाला सावध राहण्याचा सांगावाही धाडते.

हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येते. बळी पडणाऱ्या वाणाच्या पानावर मोठे, फुटलेले, पूड सोडणारे फोड दिसतात. प्रतिकारक वाणाच्या पानावर फिकट, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात आणि पूड नसते. ते ठिपके म्हणजे लढाईत पडलेल्या पेशी.

या दुसऱ्या फळीचे कोडे अमेरिकेतील हॅरॉल्ड फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावरून सोडवले. झाडातला एक पहारेकरी बुरशीतल्या एका ठराविक हत्याराशी बांधलेला असतो, असे त्यांनी दाखवले. बुरशीने हत्यार बदलले की तो पहारेकरी आंधळा होतो. कालपर्यंत चांगला असलेला वाण चार-सहा वर्षांत एकाएकी रोगाला का बळी पडतो, त्याचे हे कारण. प्रत्येक वेळी बियाण्यात भेसळच असते असे नव्हे!

पिकांच्या माहेराकडे

वाविलोव्ह यांच्या ध्यानात एक गोष्ट पक्की बसली. पीक जिथे जन्मले, जिथे हजारो वर्षे रोगाशी झुंजत वाढले, तिथेच त्याचे नाना तऱ्हांचे वाण असणार आणि रोगाला पुरून उरणारे गुणही तिथेच दडलेले असणार. म्हणजे पिकाचे माहेर शोधायचे. 1921 साली ते पेट्रोग्राडला, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडला, वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून गेले आणि तिथून त्यांची भ्रमंती सुरू झाली.

1924 साली अफगाणिस्तान. घोड्यांच्या काफिल्याबरोबर सुमारे 5000 किलोमीटरची वाटचाल. 1926-27 साली भूमध्य सागराभोवतीचे देश आणि ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. 1929 साली पश्चिम चीन, जपान, कोरिया. 1930 साली मेक्सिको, तर 1932-33 साली दक्षिण अमेरिका. जिथे जावे तिथल्या बाजारात पथारी टाकून बसलेल्या बायाबापड्यांकडून मूठ मूठ धान्य घ्यायचे, शेतातून ओंब्या-कणसे तोडायची, गावाचे नाव लिहून पुडीत बांधायचे. 1940 पर्यंत संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमले. जगात त्या वेळी बियाण्याची एवढी मोठी कणगी दुसरी नव्हती.

पिकांच्या माहेरांचा जो नकाशा त्यांनी मांडला, त्यात आपल्या देशाला मानाचे स्थान आहे. भात, तूर, वांगी, काकडी, आंबा, देशी कापूस ही पिके त्यांनी भारताच्या नावावर मांडली. तेव्हा या पिकांच्या रोगांवरचा उतारा उद्या जगाला लागला, तर तो कुठे सापडण्याचा संभव जास्त, हे सांगायला ज्योतिषी नको.

सत्तेपुढे शास्त्र

1929 साली वाविलोव्ह देशाच्या कृषी विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. पण वारे फिरत होते. सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक केल्या आणि 1932-33 साली भयंकर दुष्काळ पडला. राज्यकर्त्यांना झटपट उपाय हवा होता. अशा वेळी त्रोफिम लिसेन्को नावाचा तरुण पुढे आला. तोही शेतकऱ्याचाच मुलगा. बियाणं भिजवून, थंडी देऊन पेरलं की ते लवकर पिकतं, असा त्याचा प्रयोग. त्यात थोडे तथ्य होते आणि वाविलोव्ह यांनी सुरुवातीला त्याची पाठही थोपटली. पण लिसेन्को तेवढ्यावर थांबला नाही. बियाण्यातले आनुवंशिक गुण वगैरे सब झूट, परिस्थिती बदलली की पीक हवे तसे वळवता येते आणि ते बियाण्यात उतरते, असे तो सांगू लागला.

आता बघा. नवा प्रतिकारक वाण काढायला दहा-बारा वर्षे लागतात, हे खरे. पण ते ऐकायला कडू. दोन-तीन वर्षांत करून दाखवतो, हे खोटे, पण गोड. स्टालिनने गोड ऐकले. 1935 साली वाविलोव्ह यांचे अध्यक्षपद गेले आणि 1938 साली त्याच खुर्चीवर लिसेन्को बसला. 1939 साली एडिंबरो येथे आनुवंशशास्त्राची जागतिक परिषद भरली. तिचे अध्यक्ष म्हणून वाविलोव्ह यांची निवड झाली होती, पण सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. नमते घेतले असते तर ते वाचले असते. पण चार रोपांमागचं एक रोप त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते नाही कसं म्हणणार?

6 ऑगस्ट 1940 रोजी युक्रेनच्या पश्चिम भागात ते बियाणं गोळा करीत हिंडत असताना त्यांना अटक झाली. मागे राहिलेल्या त्यांच्या पिशवीत सहकाऱ्यांना टरफल न सोडणारा जुन्या वळणाचा गहू मिळाला. आरोप ठेवला घातपाताचा आणि हेरगिरीचा. 9 जुलै 1941 रोजी फाशीची शिक्षा सांगितली गेली. 1942 साली ती वीस वर्षांच्या कैदेत बदलली. पण तोवर सारातोव्हच्या तुरुंगात त्यांच्या देहाचा सापळा झाला होता. ज्या गावी तरुणपणी त्यांनी प्रतिकाराचे शास्त्र लिहिले, तेच हे गाव. त्यांची पत्नी आणि मुलगा युद्धामुळे त्याच गावी आसऱ्याला आले होते. आपला माणूस हाकेच्या अंतरावर कोठडीत आहे, याचा त्यांना पत्ताही नव्हता. 26 जानेवारी 1943 रोजी वाविलोव्ह यांनी प्राण सोडला. वय अवघे 55. 1955 साली सरकारने त्यांना निर्दोष ठरवले. पुढे त्यांच्या संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले.

बियाण्याला हात लावला नाही

इकडे 8 सप्टेंबर 1941 पासून लेनिनग्राडला जर्मन फौजेचा वेढा पडला होता. हिवाळ्यात नोकरदाराला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळे. वाविलोव्ह यांच्या संस्थेत भात, गहू, मका, भुईमूग यांच्या पिशव्या भरलेल्या होत्या. सहकाऱ्यांनी तोफगोळ्यांच्या माऱ्यात बटाट्याचे वाण शेतातून काढून आणले, उंदरांपासून बी राखले, खोल्यांना पहारा दिला. भाताचे अभ्यासक द्मित्री इवानोव्ह भाताच्या हजारो पुड्या शेजारी असताना उपासमारीने गेले. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्सांद्र श्चुकिन कामाच्या टेबलापाशीच गेले. आणखीही कित्येक जण गेले. पण बियाण्याला कोणी हात लावला नाही.

दुष्काळात पेरणीचं बी खायचं नाही, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया जाणत होत्या. ही माणसंही तेच पाळत मेली.

आपली खपली

आता आपल्या घरची गोष्ट. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे खपली गहू आजही पेरतात. कांडल्याशिवाय टरफल सोडत नाही, पण खीर आणि पुरणपोळी खावी तर तिचीच. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी 1922 साली खोडावरच्या काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला. त्या बारांत एक आपली खपली होती, आणि नावही खपली हेच. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी तिचा संकर करून तांबेऱ्याला टिकणारा गहू काढला. खपलीतून आलेले प्रतिकाराचे गुण आजही गहू संशोधकांच्या यादीत आहेत.

1946-47 साली काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू झोपवला होता. पुढे नवे वाण आले आणि लोक तांबेरा विसरू लागले. पण 1998 साली आफ्रिकेतल्या युगांडात अशी जात सापडली, की जगभरच्या कित्येक वाणांत भरवशाचा मानलेला राय धान्यातून आणलेला पहारेकरी तिने आंधळा केला. संशोधकांना पुन्हा जुन्या आणि रानटी गव्हांकडे धावावे लागले. 1920 च्या दशकात जॉर्जियात सापडलेल्या एका गव्हातून आणलेला पहारेकरी कामाला आला. पण 2007 पर्यंत केनियात त्यालाही चुकवणारी जात निघाली. म्हणजे एका जागल्याच्या भरवशावर गाव झोपवू नये. जागले अनेक हवेत आणि नवे शोधायचे तर जुनं बी जिवंत हवं.

तेव्हा गावात सगळ्यांनीच एकच वाण पेरू नये. पेरणीपूर्वी वाणाच्या उत्पन्नाबरोबर तो कोणत्या रोगाला प्रतिकारक आहे, हेही कृषी सहायकाला विचारावे. हरभऱ्यात विजय, दिग्विजय यांसारखे मर रोगाला टिकणारे वाण आले ते याच मार्गाने. वावरात सगळं पीक करपलं आणि दोन-चार ताटं तेवढी हिरवी राहिली, तर त्यांना खूण बांधून बी वेगळं ठेवावं आणि कृषी विद्यापीठाच्या कानावर घालावं.

ग्रामसेवक, सरपंच मंडळींनाही सांगणे आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ती कपाटात धूळ खायला नव्हे. गावात कोणाकडे कोणता जुना वाण आहे, त्याला कोणता रोग लागत नाही, हे त्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून तिच्यात लिहून घ्यावे. 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो, हेही ग्रामसभेत सांगावे.

वाविलोव्ह यांना एकेका पुडीसाठी हजारो मैल चालावे लागले. आपल्याला माजघरातल्या उतरंडीपर्यंतच जायचे आहे. तेवढे तरी या हंगामात जाऊन यावे.